जुनं मोटारहोम घेताना आधी छप्पर तपासा

अमेरिकेत घरभाडं परवडेनासं झालेले अनेकजण जुन्या, स्वस्त मोटारहोममध्ये संसार थाटतात. अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाभोवती हिवाळ्यात अशा गाड्यांची मोठी वस्तीच उभी राहते. घेताना बहुतेकांचं लक्ष इंजिनाकडे असतं. पण खरा धोका भिंतीत दडलेला असतो.

बऱ्याच जुन्या मोटारहोमच्या भिंतींत लाकडी सांगाडा किंवा प्लायवूड असतं, वरून फायबरग्लासचा पातळ थर. छपरावरच्या झरोक्यांभोवतीचं सीलंट उन्हानं तडकतं आणि पाणी आत झिरपतं. लाकूड बराच काळ ओलं राहिलं, की बुरशीला आयतं रान मिळतं. गोंद सुटतो, बाहेरचा थर फुगतो. म्हणून वरच्या कपाटांचे कोपरे, खिडक्यांखालची जागा हातानं दाबून पाहा; मऊ लागली तर व्यवहार थांबवा. ओलावामापकही वापरा. ओल्या लाकडातून वीज सहज वाहते, त्यावरून तो ओलावा दाखवतो.

टायरची शाबूत नक्षीही फसवते. उभ्या गाडीचं रबर ऑक्सिजन आणि ओझोनमुळे कडक होऊन चिरतं. बाजूवर ‘डीओटी’नं सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा : २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला.

सारी पुंजी लावून डोक्यावर छप्पर घेणाऱ्यानं एवढी तपासणी केलीच पाहिजे.