हात अडतो तेथे कळफलक

पेन डाव्या हातात धरा (डावखुरे असाल तर उजव्या) आणि आज वर्गात शिकविलेल्या धड्याचा सारांश पाच ओळींत लिहून पाहा. दुसऱ्या ओळीतच लक्षात येईल की, वाक्याचा शेवट काय करायचा होता तेच आपण विसरलो. धडा विसरलेला नाही; मन 'क्ष'चे वळण सांभाळण्यात गुंतले आहे. डिसग्राफिया, म्हणजे लेखन-अक्षमता असलेल्या मुलाची रोजची अवस्था काहीशी अशीच असते.

१९९४ साली बूर्दँ आणि फायोल या फ्रेंच संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकलेले शब्द क्रमाने आठवून सांगायचे, एकदा तोंडी व एकदा लिहून. लहान मुलांना लिहिताना कमी शब्द आठवले. प्रौढांत असा फरक दिसला नाही. मात्र प्रौढांना सवय नसलेल्या वळणाची अक्षरे काढायला लावताच त्यांचेही आठवणे घटले. हात आपोआप चालत नसेल तर अक्षर काढण्याचे कामही कार्यकारी स्मृतीवर पडते, आणि तिची जागा फार थोडी असते.

आमच्या परिचयातील सातवीतला एक मुलगा प्रकाशसंश्लेषण तोंडी उत्तम समजावून सांगे. उत्तरपत्रिकेत मात्र चार ओळी, त्याही न लागणाऱ्या. वहीवर शेरा ठरलेला: 'आळस सोडा.' पुढे निदान झाले, आईवडिलांनी धावपळ केली, आणि त्याला संगणक मिळाला तो सहामाहीच्या आदल्या आठवड्यात. त्या परीक्षेत त्याने हाताने लिहिले असते त्याहूनही कमी लिहिले. शाळेने निष्कर्ष काढला की, यंत्राचा उपयोग नाही.

हा निष्कर्ष चुकीचा होता. वरचा प्रयोग आठवा: अनोळखी कळफलक म्हणजे पुन्हा अनोळखी वळणच. देवनागरीत तर आणखी एक गंमत आहे. इनस्क्रिप्ट मांडणीत मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो. येथे उच्चाराप्रमाणे आधी 'क' आणि मग वेलांटी दाबावी लागते. ही तर्कशुद्ध मांडणी आम्हाला फार आवडते, पण ती बोटांत बसायला रोज दहा-पंधरा मिनिटे असे काही महिने द्यावे लागतात. बोललेले टिपून घेणारी प्रणाली मराठीतही आहे. घरच्या अभ्यासाला ती चांगली, वर्गातल्या गोंगाटात अडखळते. जाड पकडीची पेन्सिल, उतरती फळी, गणितासाठी चौकटींची वही ही साधने तर उद्यापासूनही देता येतात.

म्हणून अर्जाला लवकर लागावे. महाराष्ट्रात अध्ययन-अक्षम मुलांना परीक्षेतील सवलती १९९६ सालीच मान्य झाल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे व तिच्या व्याख्येत डिसग्राफियाचे नाव आहे. अक्षमता ४० टक्के वा अधिक प्रमाणित असल्यास अठरा वर्षांपर्यंत योग्य साहाय्यक साधने विनामूल्य देण्याची तरतूदही त्यात आहे. प्रमाण कमी भरले तर दार बंद होते असे नाही. लेखनात अडचण असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या अटीला बांधता येत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ साली परीक्षेत संगणकाला मुभा दिली. तो इंटरनेटला जोडलेला नसावा आणि संगणक-शिक्षकाने तपासलेला असावा, एवढ्या अटी.

"मग इतरांवर अन्याय नाही का?" हा प्रश्न शिक्षक-खोलीत हमखास निघतो. त्याला आमचा प्रतिप्रश्न: या पेपरात आपण काय तपासतो आहोत? विज्ञानाच्या पेपरात अक्षर तपासायचे नसते. शुद्धलेखनाच्या प्रश्नाला मात्र संगणकातील शब्दतपासनीस बंदच हवा.

अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र लागतेच, पण मुलाची अडचण प्रत्यक्ष दाखविणारा पुरावा वर्गशिक्षकाकडे असतो. एकाच प्रश्नाचे मुलाने लिहिलेले उत्तर आणि त्याने तोंडी दिलेले, आपण शब्दशः टिपलेले उत्तर, दोन्ही शेजारीशेजारी, तारखेसह. आमच्या त्या मुलाच्या फाइलीत अशी सहा पाने जमली होती. आठवीच्या वार्षिक परीक्षेपर्यंत त्याची बोटे सरावली होती. आकृत्यांना नावे तो अजून हातानेच देतो, आणि ती अजूनही वाचता येत नाहीत.