दुकानावरचा तिरंगा : हक्क, अदब आणि विनाकारण भीती

ऑगस्ट किंवा जानेवारी महिना आला की जुन्या नाशकातील दुकानांवर, सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या गेटवर आणि मालेगावच्या यंत्रमाग शेडवर तिरंगे दिसू लागतात. याच दिवसांत आपल्या व्यापारी बांधवांमध्ये एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. झेंडा लावला तर लोक म्हणतील, दाखवण्यासाठी लावला. नाही लावला तर विचारतील, का नाही लावला? आणि लावताना काही चुकले, तर त्याचा भलताच अर्थ काढला जाईल. मग झेंडा लावणाराही धास्तावलेला आणि न लावणाराही धास्तावलेला.

या धास्तीचे मोठे कारण म्हणजे नियमांची माहिती नसणे. ते नियम फार थोडे आहेत आणि कोणत्याही दुकानदाराला सहज पाळता येण्यासारखे आहेत.

हक्क एका कारखानदाराने मिळवला

पूर्वी सामान्य नागरिकाला वर्षभर तिरंगा लावण्याची मुभा नव्हती. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती, ६ ते १३ एप्रिलचा राष्ट्रीय सप्ताह असे ठरावीक दिवसच मोकळे होते. रायगढ (तेव्हाचे मध्य प्रदेश, आताचे छत्तीसगड) येथील कारखान्यावर उद्योगपती नवीन जिंदल यांनी तिरंगा लावला, तेव्हा बिलासपूरच्या आयुक्तांनी त्याला हरकत घेतली. जिंदल दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २२ सप्टेंबर १९९५ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि नागरिक, खासगी संस्था व शाळांना वर्षातील कोणत्याही दिवशी ध्वज लावण्याची मोकळीक मिळाली. शेवटी २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आदराने व प्रतिष्ठेने राष्ट्रध्वज फडकवणे हा घटनेच्या कलम १९ (१) (अ) खालील मूलभूत हक्क आहे. अर्थात त्याला वाजवी बंधने आहेत.

म्हणजे आज दुकानावर जो तिरंगा आपण बिनधास्त लावू शकतो, तो हक्क कामाच्या जागेवरूनच झालेल्या भांडणातून मिळालेला आहे. जुलै २०२२ पासून तर उघड्या जागी किंवा घरावर ध्वज रात्रंदिवस ठेवण्यासही परवानगी आहे.

मनाई नाही, सक्तीही नाही

हक्क आहे म्हणून सक्ती आहे असे नव्हे. दुकानावर झेंडा लावलाच पाहिजे असा कायदा नाही. ऑगस्ट २०२२ मधील ‘हर घर तिरंगा’ मोहीम हेही आवाहनच होते. एखाद्याने झेंडा लावला नाही, म्हणून त्याच्या निष्ठेचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण केवळ भीतीपोटी तो टाळण्याचेही कारण नाही. संविधान सभेच्या ज्या समितीने राष्ट्रध्वजाची शिफारस केली, तिचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद होते आणि सदस्यांमध्ये मौलाना अबुल कलाम आझाद व डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला गेलेला हा झेंडा जितका इतरांचा, तितकाच आपला. तो लावताना कोणाचे प्रशस्तिपत्र मागायचे नाही.

गुन्हा कशाला म्हणतात?

राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायदा १९७१ सालचा आहे. सार्वजनिक ठिकाणी ध्वज जाळणे, फाडणे, तुडवणे, विद्रूप करणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ध्वज जमिनीला लावणे किंवा केशरी पट्टा खाली ठेवून लावणे हेही अवमानात मोडते. परंतु या दोन्ही बाबतीत कायद्याने ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द घातला आहे. वाऱ्याने दोरी तुटली आणि झेंडा खाली आला, तर तो ताबडतोब उचलून नीट ठेवणाऱ्याची नीयत स्वच्छ असते. कायदाही नीयत पाहतो. म्हणून चूक दिसली की वाद न घालता ती लगेच दुरुस्त करावी, आणि कोणी दाखवून दिली तर त्याचे आभार मानावेत. बहुतेक तंटे तिथेच मिटतात.

लावण्याची रीत सोपी आहे. झेंडा भिंतीवर आडवा असेल तर केशरी पट्टा वर. उभा असेल तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२, चक्राला २४ आरे. फाटलेला, चुरगळलेला झेंडा लावू नये. निकामी झालेला ध्वज कचऱ्यात न टाकता खासगीत, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करावा. मोटारीवर झेंडा फडकवण्याचा अधिकार ठरावीक पदाधिकाऱ्यांनाच आहे, तेव्हा डिलिव्हरीच्या गाडीवर तो लावू नये. बॉनेटवर पांघरणे तर कायद्यानेच अवमान ठरते.

धंद्यासाठी तिरंगा वापरू नका

आपल्या व्यापाऱ्यांचा पाय खरा घसरतो तो इथे. झेंड्यावर दुकानाचे नाव किंवा फोन नंबर छापणे, झेंड्याच्या काठीला सेलची पाटी बांधणे, १५ ऑगस्टच्या सवलतीच्या जाहिरातीत राष्ट्रध्वज वापरणे हे हौसेने केले जाते. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वजाचा जाहिरातीसाठी उपयोग करता येत नाही आणि त्यावर कोणतीही अक्षरे लिहिता येत नाहीत. शिवाय १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापार, ट्रेडमार्क वा डिझाइनसाठी राष्ट्रध्वज वापरता येत नाही. उशी, रुमाल, नॅपकिन यांवर तो छापणे वा भरतकाम करणे हाही अवमान आहे. मिठाईच्या खोक्यावर तिरंगा छापून घ्यायचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. खोके शेवटी कचऱ्यातच जाते.

हिरवे निशाण आणि तिरंगा

ईद-ए-मिलादच्या दिवसांत दुकानांवर हिरवी निशाणे लागतात. त्यांना कायद्यात बंदी नाही. मात्र गैरसमजाला वाव राहू नये म्हणून निशाण शिवून किंवा छापून घेताना एक गोष्ट पाहावी. पाकिस्तानच्या झेंड्याला काठीच्या बाजूला उभा पांढरा पट्टा असतो. असा पट्टा आपल्या निशाणावर नसावा. छापखान्यात घाईने तयार नमुना उचलला जातो आणि त्रास मात्र दुकानदाराला होतो.

दुसरा नियम सर्वांना सारखा आहे. हिरवा असो, भगवा असो वा निळा, कोणताही दुसरा झेंडा राष्ट्रध्वजापेक्षा उंच किंवा त्याच्या शेजारी लावता येत नाही, आणि एकाच काठीवर तर मुळीच नाही. म्हणून धार्मिक निशाण व तिरंगा यांच्या जागाच वेगळ्या ठेवाव्यात.

परदेशी गिऱ्हाईक आणि कलमा असलेला झेंडा

नाशिक जिल्ह्यातून द्राक्षे आणि कांदा परदेशी जातो. आखाती देशांतले खरेदीदार ऑफिसात येतात तेव्हा टेबलावर दोन झेंडे ठेवण्याची पद्धत आहे. ध्वजसंहितेनुसार तिरंगा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला असावा. दोन्ही झेंडे सारख्या आकाराचे असावेत. अनेक देश असतील तर भारताचा ध्वज आधी आणि पुढचे देश इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने.

सौदी अरेबियाच्या झेंड्यावर कलमा आहे. इराण व इराकच्या झेंड्यांवर ‘अल्लाहु अकबर’ आहे. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकावेळी मॅकडोनाल्ड कंपनीने ब्रिटनमध्ये सर्व सहभागी देशांचे झेंडे खाद्यपदार्थांच्या पिशव्यांवर छापले. त्यात सौदी झेंडाही होता. पिशवी फेकली जाणार म्हणून मुस्लिमांनी हरकत घेतली. २००७ मध्ये अफगाणिस्तानातील खोस्त प्रांतात अमेरिकी सैन्याने वाटलेल्या फुटबॉलांवर हाच झेंडा होता आणि लोक रस्त्यावर उतरले. दोन्हीकडे वाटणाऱ्याला गिऱ्हाईक किंवा जनता खूश करायची होती. झेंड्यावर काय लिहिले आहे, हे कोणी वाचले नव्हते. निर्यातीच्या खोक्यांवर देशोदेशीचे झेंडे छापणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. खोक्यावर देशाचे नाव पुरेसे आहे.

आपल्या कलम्याचा असा वापर आपल्याला जसा सलतो, तसाच तिरंग्याचा निष्काळजी वापर दुसऱ्याला सलतो. अदब दोन्हीकडे सारखीच हवी.

मालेगावच्या मागांसाठी

३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजालाही मान्यता मिळाली. त्याआधी हाताने कातलेल्या व विणलेल्या कापडाचीच अट होती. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आणि हुबळीजवळच्या बेंगेरीचे केंद्र यांचे नाव या कामात जुने आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अर्थ मंत्रालयाने यंत्रावरच्या व पॉलिस्टरच्या ध्वजांवरही जीएसटी नसल्याचा खुलासा केला. यंत्रमागधारक, रंगारी आणि शिलाईवाले यांच्यासाठी हा हंगामी रोजगार आहे. पण माप ३:२, आरे २४ आणि चक्र दोन्ही बाजूंनी दिसणारे, एवढे सांभाळूनच माल बाजारात न्यावा. चुकीचा झेंडा विकणारा आपल्या गिऱ्हाइकालाच अडचणीत आणतो.

व्यापारी बांधवांनी ध्वजसंहितेची एक प्रत दुकानात ठेवावी आणि झेंडा लावणाऱ्या नोकराला ती एकदा समजावून द्यावी. मग झेंडा लावायचा की नाही, हे कोण काय म्हणेल यावरून ठरवावे लागणार नाही. ज्याला लावावासा वाटतो त्याने तो नीट लावावा आणि निश्चिंतपणे आपल्या धंद्याला बसावे.