जलवायुमानातील बदल व भारतीय मॉन्सून

जलवायुमानातील बदल व भारतीय मॉन्सून : एखाद्या प्रदेशातील तापमान, पर्जन्य, आर्द्रता, वारे इ. वातावरणीय घटकांच्या दीर्घकालीन, सामान्यतः तीस वर्षांच्या, सरासरी स्थितीस आणि त्या सरासरीभोवती होणाऱ्या चढउतारांस त्या प्रदेशाचे जलवायुमान म्हणतात. ही सरासरी किंवा हे चढउतार अनेक दशके टिकून राहील अशा रीतीने बदलले, तर त्यास जलवायुमानातील बदल असे म्हणतात. एखाद्या वर्षी पाऊस कमी पडणे हा हवामानाचा खेळ होय. परंतु पावसाची रीतच बदलणे हा जलवायुमानातील बदल होय. भारताच्या वार्षिक पर्जन्यापैकी सु. ७५ टक्के पर्जन्य जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत नैर्ऋत्य मॉन्सूनमुळे पडते. त्यामुळे पृथ्वीच्या तापमानवाढीचा प्रश्न भारतापुरता मुख्यत्वे मॉन्सूनचा प्रश्न ठरतो.

मॉन्सूनची यंत्रणा : उन्हाळ्यात भारतीय उपखंडाची भूमी हिंदी महासागरापेक्षा अधिक तापते. जमिनीवर हवेचा दाब कमी होतो आणि महासागरावरील बाष्पयुक्त हवा जमिनीकडे वाहू लागते. या वाऱ्यांना जमीन व समुद्र यांच्या तापमानातील फरक कारणीभूत आहे, हा विचार एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये मांडला. पृथ्वीच्या परिवलनामुळे हे वारे विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतात व नैर्ऋत्येकडून येतात. बाष्पाचे संघनन होताना मुक्त होणारी सुप्त उष्णता हे अभिसरण अधिक बळकट करते. सूर्याबरोबर उत्तरेकडे सरकणाऱ्या विषुववृत्तीय अभिसारी पट्ट्याचे भारतावर येणारे रूप म्हणजेच मॉन्सून, असे आधुनिक वातावरणविज्ञान मानते.

मॉन्सून पूर्वीपासून एकसारखा राहिलेला नाही. गेल्या हिमयुगाच्या परमोच्च काळी तो आजच्यापेक्षा दुर्बल होता, तर सु. ९,००० वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धास उन्हाळ्यात अधिक सौरप्रारण मिळत असल्याने तो अधिक प्रबळ होता. हे बदल पृथ्वीच्या कक्षेतील व अक्षाच्या दिशेतील फेरफारांमुळे सहस्रावधी वर्षांत घडून आले. हल्लीच्या बदलांचे वैशिष्ट्य त्यांच्या वेगात आणि त्यांच्या कारणात आहे.

संशोधनाचा पूर्वेतिहास : भारतीय वातावरणविज्ञान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. पुढील दोनच वर्षांत दक्षिण भारतावर घोर दुष्काळ कोसळल्याने पावसाचे पूर्वानुमान करण्याची निकड भासू लागली. खात्याचे पहिले प्रमुख एच्. एफ्. ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये हिमालयातील हिमाच्छादन व मॉन्सून यांचा संबंध दाखविला. १९०४ मध्ये प्रमुखपदी आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदींची तुलना करून पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुभारांतील झोक्यास ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. पॅसिफिक महासागराच्या विषुववृत्तीय भागातील पाणी तापण्याच्या ‘एल निनो’ या आविष्काराचा आणि भारतातील अवर्षणांचा संबंध पुढे याच धाग्याने उलगडला. हा संबंध सर्वदा टिकतोच असे नाही. १९९७ मध्ये एल निनो अतिशय प्रबळ असूनही भारतात पाऊस सर्वसाधारण पडला. उलट २००२ व २००९ या वर्षांत मध्यम प्रतीच्या एल निनोच्या काळी तीव्र अवर्षण झाले. हिंदी महासागराच्या पश्चिम व पूर्व भागांतील तापमानाचा झोका (द्विध्रुव) १९९९ मध्ये ओळखला गेल्यावर या अपवादांपैकी काहींचा उलगडा होऊ शकला.

तापमानवाढीचे कारण : सूर्याकडून येणारे लघुतरंगी प्रारण वातावरणातून बव्हंशी आरपार जाते, परंतु तापलेल्या भूपृष्ठाकडून निघणारे अवरक्त प्रारण बाष्प, कार्बन डाय-ऑक्साइड, मिथेन इ. वायू शोषून घेतात व त्याचा काही भाग भूपृष्ठाकडे परत पाठवितात. यास पादपगृह परिणाम (हरितगृह परिणाम) म्हणतात. त्याची कल्पना जोझेफ फूर्ये यांनी १८२४ मध्ये मांडली. यूनिस फूट यांनी १८५६ मध्ये व जॉन टिंडल यांनी १८५९ पासून केलेल्या प्रयोगांनी त्यास आधार मिळाला. कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण बदलल्यास तापमान किती बदलेल याचे गणित स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये केले. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे अखंड मापन सुरू केले, तेव्हा हे प्रमाण दशलक्ष भागांत सु. ३१५ होते, औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सु. २८० होते आणि २०२४ मध्ये ४२० च्या पुढे गेले. अंटार्क्टिकातील बर्फात अडकलेल्या हवेच्या परीक्षणावरून गेल्या आठ लाख वर्षांत ते औद्योगिक काळापर्यंत कधीही ३०० च्या वर गेले नव्हते, असे दिसून येते.

ही वाढ कोळसा, खनिज तेल इ. जीवाश्म इंधनांमुळे झाली आहे, हे हवेतील कार्बनाच्या समस्थानिकांच्या बदलत्या प्रमाणावरून ओळखता येते. सूर्याचे तेज वाढल्याने पृथ्वी तापत असती, तर वातावरणाचे वरचे व खालचे असे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात क्षोभावरण तापत असून स्थितांबर थंड होत आहे. ही पादपगृह वायूंची खूण होय. आंतरशासकीय जलवायुमान बदल मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार २०११–२० या दशकात पृथ्वीचे सरासरी पृष्ठतापमान १८५०–१९०० या काळातील सरासरीपेक्षा सु. १·१° से.ने अधिक होते.

भारतातील निरीक्षणे : भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार १९०१–२०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सु. ०·७° से.ने वाढले. १९५१–२०१५ या काळात उष्ण कटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठाचे तापमान सु. १° से.ने वाढले, जगातील महासागरांच्या सरासरीहून ही वाढ अधिक आहे. याच काळात मॉन्सूनचे पर्जन्य सु. ६ टक्क्यांनी घटले व ही घट गंगेचे मैदान आणि सह्याद्री येथे विशेष जाणवली.

घटत्या पर्जन्याची मीमांसा : ही घट प्रथमदर्शनी कोड्यात टाकणारी आहे. क्लॉसियस-क्लापेरॉन समीकरणानुसार तापमान १° से.ने वाढल्यास हवेची बाष्पधारणक्षमता सु. ७ टक्क्यांनी वाढते. तेव्हा तापत्या जगात पाऊस वाढावयास हवा. तो का घटला याची दोन प्रमुख कारणे दिली जातात. पहिले कारण वायुकलिलांचे. कारखाने, औष्णिक वीजकेंद्रे, वाहने व चुली यांतून निघणारे सल्फेट, काजळी इत्यादींचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश अडवितात व जमीन तापू देत नाहीत. उत्तर गोलार्ध अशा रीतीने तुलनेने थंड राहिल्यास मॉन्सूनचे अभिसरण मंदावते. दुसरे कारण महासागराचे. पश्चिम हिंदी महासागर झपाट्याने तापल्याने जमीन व समुद्र यांच्या तापमानांतील फरकच कमी झाला आणि वाऱ्यांची प्रेरणा क्षीण झाली, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय वातावरणविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखविले. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती याविषयी मतभेद आहेत. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घटीत वायुकलिलांचा वाटा मुख्य होता, असे आंतरशासकीय मंडळाचे मत आहे. २००२ नंतर मध्य व उत्तर भारतात पाऊस पुन्हा वाढू लागल्याचेही काही संशोधकांना आढळले आहे.

अतिवृष्टी व खंड : एकूण पावसाहून महत्त्वाचा बदल पावसाच्या वाटपात झाला आहे. भू. ना. गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१–२००० या काळातील मध्य भारताच्या नोंदी तपासून २००६ मध्ये असे दाखविले की, अतिवृष्टीच्या घटना वाढत आहेत, मध्यम पावसाच्या घटना कमी होत आहेत आणि या दोहोंच्या वजाबाकीमुळे सरासरीत मात्र लक्षणीय फरक दिसत नाही. म्हणजे सरासरी स्थिर असली तरी तिच्या आड पावसाचे स्वरूप बदलले होते. १९५०–२०१५ या काळात मध्य भारतात दिवसाला १५० मिमी.पेक्षा अधिक पाऊस पडण्याच्या घटना सु. ७५ टक्क्यांनी वाढल्या. १९५१–८० या काळाच्या तुलनेत १९८१–२०११ मध्ये ऐन पावसाळ्यात पावसात खंड पडण्याच्या घटनाही सु. २७ टक्क्यांनी वाढल्या. थोड्या वेळात पुष्कळ पाऊस व मग लांबलेली उघडीप, असे हे रूप आहे. भारतीय वातावरणविज्ञान खात्याने २०२० मध्ये मॉन्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्या नोंदींच्या आधारे सुधारल्या; त्यानुसार वायव्य भारतातून मॉन्सून माघार घेऊ लागण्याची तारीख १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर झाली.

२६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिमी. पाऊस पडला, तर त्याच शहराच्या दक्षिण टोकास कुलाबा येथे केवळ सु. ७३ मिमी. पाऊस पडला. अशी एखादी घटना जलवायुमान बदलामुळेच घडली, असे विधान शास्त्रज्ञ करीत नाहीत. फाशात शिसे भरले की सहाचे दान अधिक वेळा पडते. परंतु एखादे विशिष्ट दान शिशामुळेच पडले असे म्हणता येत नाही. मात्र तापमानवाढ झाली नसती अशा काल्पनिक जगाची संगणकीय प्रतिकृती करून तिच्याशी प्रत्यक्ष घटनेची तुलना करता येते. केरळातील वायनाड जिल्ह्यात ३० जुलै २०२४ रोजी भीषण दरडी कोसळल्या. त्यास कारण झालेल्या पावसाचा जोर तापमानवाढीमुळे सु. १० टक्क्यांनी वाढला होता, असा निष्कर्ष या पद्धतीने काढण्यात आला.

अरबी समुद्र व किनारा : अरबी समुद्रात पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने चक्री वादळे फार कमी होत. १९९८–२०१८ या काळात मॉन्सूनोत्तर ऋतूत या समुद्रातील अतितीव्र वादळांची वारंवारता वाढल्याचे दिसते. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ हे वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले व कोकणातील नारळी-पोफळीच्या बागांची अपरिमित हानी झाली. मे २०२१ मध्ये ‘तौते’ हे अधिक तीव्र वादळ किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकत गुजरातेत शिरले. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३–२०१७ या काळात वर्षाला सु. ३·३ मिमी. या वेगाने वाढली. भरतीच्या वेळीच अतिवृष्टी झाल्यास सखल शहरांतील पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. पातळी जसजशी वाढेल, तसतशी ही अडचण अधिक जाणवेल.

शेती व जलसंपत्ती : महाराष्ट्रातील लागवडीखालील क्षेत्राचा बराच मोठा भाग जिराईत आहे. खरिपाच्या पिकांना एकूण पावसाइतकीच त्याची वेळ महत्त्वाची असते. मृगाच्या सरींवर पेरणी करावी आणि पुढे तीन आठवडे उघडीप पडावी, असे झाल्यास उगवलेली रोपे करपतात व दुबार पेरणीचा खर्च सोसावा लागतो. उलट पीक काढणीस आले असता लांबलेला पाऊस सोयाबीन व कापूस यांची नासाडी करतो. मुसळधार पावसाचे पाणी जमिनीत फारसे मुरत नाही. ते वाहून जाताना सुपीक मातीचा थर नेते आणि धरणांत गाळ साठविते. त्यामुळे एकूण पाऊस सर्वसाधारण पडूनही उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडू शकतात. पर्जन्यमापकावरील वर्षअखेरीचा आकडा अशा वेळी शेतकऱ्याची खरी स्थिती सांगत नाही.

भविष्यकालीन अंदाज : बहुसंख्य संगणकीय प्रतिमानांनुसार एकविसाव्या शतकात दक्षिण आशियातील मॉन्सूनचे एकूण पर्जन्य वाढेल आणि एका वर्षातून दुसऱ्या वर्षात होणारे त्याचे चढउतारही वाढतील. अतिवृष्टीची तीव्रता वाढेल याविषयी शास्त्रज्ञांना बरीच खात्री वाटते. जिल्हावार पाऊस किती वाढेल वा घटेल याविषयी ती वाटत नाही. कारण सह्याद्रीसारख्या अरुंद पर्वतराजीचा व लहान ढगांचा तपशील जागतिक प्रतिमानांत पुरेसा उतरत नाही. हवेच्या शुद्धीकरणाचा प्रश्नही येथे गुंतलेला आहे. वायुकलिले काही आठवड्यांत पावसाबरोबर खाली येतात, तर हवेत सोडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडाचा बराच भाग शतकानुशतके वातावरणात राहतो. धूर कमी होताच, त्याने आजवर झाकलेली तापमानवाढ प्रकट होईल. आरोग्याच्या दृष्टीने धूर कमी करणे अत्यावश्यकच आहे. परंतु त्याबरोबर पादपगृह वायूंचे उत्सर्जनही घटविले नाही, तर मॉन्सूनवरील ताण वाढेल.

उपाययोजना : पॅरिस येथे २०१५ मध्ये झालेल्या करारानुसार पृथ्वीची सरासरी तापमानवाढ २° से.च्या बरीच खाली ठेवण्याचे व ती १·५° से.पर्यंत रोखण्याचा प्रयत्न करण्याचे राष्ट्रांनी मान्य केले. भारतातील दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीहून कमी आहे. मात्र मॉन्सूनवर उपजीविका असलेल्या लोकसंख्येमुळे परिणामांचा भार येथे मोठा आहे. यास्तव उत्सर्जन घटविण्याबरोबर बदलत्या पावसाशी जुळवून घेणेही आवश्यक ठरते. पाणलोट क्षेत्राचा विकास, मृद्‌संधारण, कमी मुदतीचे व ताण सहन करणारे पिकांचे वाण, नद्यांची पात्रे व खारफुटीची वने मोकळी राखणे, दरडींच्या धोक्याखालील वस्त्यांचे पुनर्वसन आणि वेळीच मिळणारी धोक्याची सूचना हे त्याचे मार्ग होत. मुंबईसाठी २०२० मध्ये पूरसूचना यंत्रणा कार्यान्वित झाली. अशा सूचनेचा उपयोग मात्र ती शेवटच्या वाडीपर्यंत पोहोचण्यावर आणि तेथील लोकांना हलण्यासाठी सुरक्षित जागा उपलब्ध असण्यावर अवलंबून असतो. गेल्या दीड शतकातील नोंदी, ज्यांच्या आधारे धरणांचे सांडवे, पुलांच्या कमानी व शहरांतील गटारे यांची मापे ठरविण्यात आली, त्या पुढील काळास लागू पडतीलच असे आता गृहीत धरता येत नाही. ही मापे नव्याने ठरविणे हे वातावरणविज्ञान व अभियांत्रिकी यांच्यापुढील तातडीचे संयुक्त कार्य आहे.