शेतात राबणाऱ्यालाही लकवा गाठतो

येत्या 29 ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन. औसा तालुक्यात हे दिवस सोयाबीनच्या राशीचे आणि दिवाळीच्या फराळाचे. घाईगडबडीत बीपीची गोळी राहते ती याच दिवसांत.

‘दिवसभर रानात राबतो, मला कशाचं बीपी?’ हा आपल्याकडचा ठाम समज. गडचिरोलीनं तो खोटा ठरवला आहे. ‘सर्च’ संस्थेतले तेव्हाचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी 2011 ते 2013 या काळात तिथल्या 86 गावांतल्या प्रत्येक मृत्यूचं कारण घरोघर जाऊन शोधलं. सर्वाधिक मृत्यू लकव्यानं झालेले निघाले, साधारण सातातला एक. त्यांतले बहुतेक जण घरातच गेले. गडचिरोलीतही माणसं शेतात आणि जंगलात कष्ट करतात. नुसत्या कष्टानं लकवा टळत नाही, एवढं तरी यातून आपण घ्यायला हवं.

32 देशांतल्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासात लकव्याच्या कारणांत जवळपास निम्मा वाटा एकट्या उच्च रक्तदाबाचा निघाला. हा दाब दुखत नाही, खुपत नाही. मेंदूच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं तो सोसत कडक होतात आणि एक दिवस तुंबतात किंवा फुटतात. त्यात बिडी आणि तंबाखू-चुन्याची भर. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडणं तर सर्रास चालतं. बरं वाटतं ते गोळीमुळंच.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मिठाची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ सांगते. आपल्याकडं ठेच्यात मीठ, लोणच्यात मीठ, पापडात मीठ, वर ताटात लिंबाच्या फोडीशेजारी वाढलेली चिमूट वेगळीच. ती चिमूट आधी बंद करावी.

चीनमधल्या 600 खेड्यांत याहून सोपी गोष्ट करून पाहिली. त्यांतल्या निम्म्या खेड्यांत लकवा होऊन गेलेल्या किंवा बीपी असलेल्या साठीपुढच्या माणसांच्या घरी सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं मीठ दिलं. स्वयंपाक तोच राहिला. पाचेक वर्षांत तिथं लकव्याचं प्रमाण उरलेल्या खेड्यांपेक्षा 14 टक्क्यांनी कमी भरलं; हे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. असं मीठ रेशन दुकानात मिळायला काय हरकत आहे? मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना मात्र ते चालत नाही, म्हणून आशाताईंकडून घरोघरी चौकशी आधी व्हावी.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, की तेल चोळत बसू नये. 108 ला फोन लावावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि औशाहून लातूर वीसेक किलोमीटरवर आहे.