जलाशयांचा श्वास

अमरकोशांत पाण्यास ‘जीवन’ असें एक नांव दिलें आहे. परंतु ह्या जीवनासही जीवन लागतें. तें म्हणजे त्यांत विरघळलेला प्राणवायु. वीस अंश उष्णतेच्या एक लिटर शुद्ध पाण्यांत तो सुमारें ९ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांस सुमारें साडेसातच. हवा आणि सूर्यप्रकाशांतील हिरव्या वनस्पती हे त्याचे दोन दाते. दोघेही वरच्या थरास देतात. वरचें पाणी खालीं न मिसळल्यास तळ उपाशी राहतो.

ह्याचें जगांतील सर्वांत मोठें उदाहरण म्हणजे काळा समुद्र. तो चहूंकडून भूमीनें वेढलेला असून एका चिंचोळ्या सामुद्रधुनीनेंच बाहेरच्या समुद्रांशीं जोडलेला आहे. डॅन्यूबादि नद्यांचें हलकें पाणी वर तरंगतें, जड खारें पाणी खालीं राहतें. म्हणून सुमारें दीडशें ते दोनशें मीटरांखालीं प्राणवायु नाहीं. आहे तो कुजक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायु. लांकूड पोखरणारे जीवही तेथें जगत नाहींत. त्यामुळें सुमारें २,४०० वर्षांपूर्वींचें एक ग्रीक जहाज डोलकाठीसह तळाशीं शाबूत असल्याचें २०१८ सालीं जाहीर झालें.

काळ्या समुद्राची ही कोंडी निसर्गनिर्मित आहे. आमच्या नागपुरांतील गांधीसागर, फुटाळा, सोनेगांव हे तलाव त्यामानानें अगदीं उथळ. वाऱ्यानें त्यांचें पाणी सहज ढवळावें. तरीही त्यांचा श्वास कोंडतो, कारण सांडपाणी आणि आम्हीं टाकलेले पदार्थ तळाशीं कुजतात. कुजविणारे सूक्ष्म जंतु प्राणवायु खातात. सांडपाण्यावर पोसलेलें शेवाळ दिवसां तो देतें खरें, पण रात्रीं स्वतःच घेतें. म्हणून पहांटे पाण्यांतील प्राणवायु सर्वांत कमी असतो, आणि मासे वर येऊन तोंड वासतात. ज्या नगरांत १९५८ सालापासून, आज ‘नीरी’ म्हणून विख्यात असलेली संशोधनसंस्था आहे, तेथें हें ज्ञान दुर्मिळ नाहीं. उणीव आहे ती आचरणाची.

सांडपाण्याचा बंदोबस्त नगरपालिकेचें काम होय, आणि मोठा दोष त्याचाच. परंतु निर्माल्याची पिशवी मात्र आपल्याच घरांतून जाते. कित्येक वडीलधारीं मंडळी म्हणतात, ‘विसर्जन जलाशयांतच व्हावयास हवें.’ त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतों. पण विसर्जनाचा अर्थ आवाहन केलेल्या देवतेस निरोप देणें असा आहे. पुढें उरते ती माती. शाडूची मूर्ति घरच्या घंगाळांत विरघळवून तें पाणी परसांतील झाडांस घातलें, अथवा महानगरपालिकेनें ठेवलेल्या कृत्रिम कुंडांत तिचें विसर्जन केलें, तर विधींत उणें कांहीं राहत नाहीं. निर्माल्य खड्ड्यांत पुरल्यास त्याचें उत्तम खत होतें.

देवास वाहिलेल्या फुलांनीं पाण्यांतील जीवांचा श्वास कोंडावा, हें कोणत्याही श्रद्धेस शोभणारें नाहीं. येत्या भाद्रपदांत घरांतील वडील माणसांनींच हा पायंडा पाडावा. मुलें तो आपोआप उचलतील.