कोल्हापूर एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प

कोल्हापूर एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प हा कोल्हापूर शहरातील प्रमुख रस्त्यांच्या सुधारणेसाठी खासगी गुंतवणुकीतून राबविण्यात आलेला प्रकल्प होय. कोल्हापूर महानगरपालिका, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ व आयआरबी कंपनी यांच्यात २००८ मध्ये त्यासाठी करार झाला. सुमारे ५० किलोमीटर लांबीचे रस्ते व २२० कोटी रुपयांचा खर्च अपेक्षित होता. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वानुसार कंपनीने ३० वर्षे टोलद्वारे खर्च वसूल करावयाचा होता. टोलविरोधी आंदोलनामुळे हा प्रकल्प राज्यभर चर्चेत आला.

एकात्मिक रचना

डांबरी वा काँक्रीटच्या पृष्ठभागासह दुभाजक, पदपथ, पावसाळी गटारे, दिवे व वृक्षारोपण यांचा एकत्रित विचार करणे म्हणजे एकात्मिक रस्ते विकास. हे घटक परस्परावलंबी असतात. जलवाहिन्या, मलवाहिन्या व केबल आधी रस्त्याच्या कडेला न हलविल्यास गळती दुरुस्त करताना नवा रस्ता खोदावा लागतो. दुभाजकात पाणी जाण्यासाठी जागा नसेल, तर एका बाजूला पावसाचे पाणी तुंबते. पावसाचे प्रमाण अधिक असलेल्या व जयंती नाल्यासारख्या प्रवाहांतून पंचगंगेकडे निचरा होणाऱ्या कोल्हापुरात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

दुभाजकावरील झुडपांमुळे रात्री समोरच्या वाहनांच्या दिव्यांचा झोत अडतो. मात्र चौकाजवळ ती ठेंगणी ठेवावी लागतात. अन्यथा रस्ता ओलांडणारा पादचारी चालकास दिसत नाही. रस्तारुंदीसाठी झाडे तोडावयाची असल्यास १९७५ च्या नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक असते.

दुभाजकातील अंतर वाढले की मुख्य रस्त्यावरील वाहतूक सुरळीत होते; पण लगतच्या वस्तीतील वाहनांना वळसा पडतो. त्यातून उलट दिशेने वाहन चालविणे व गल्ल्यांतील वर्दळ वाढणे हे प्रश्न उद्भवतात. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ यांसारख्या जुन्या, अरुंद रस्त्यांच्या पेठांत अशी वर्दळ सामावणे कठीण असते.

टोलविरोधी आंदोलन

शहराच्या प्रवेशमार्गांवर टोलनाके उभारण्यात आले व ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. नागरिक कर भरत असताना शहरातील रस्त्यांसाठी पुन्हा पैसे का द्यावेत, हा आंदोलकांचा मूळ प्रश्न होता. कामांचा दर्जा व अपूर्णता यांवरही त्यांचे आक्षेप होते. सर्वपक्षीय कृती समितीच्या आंदोलनात प्रा. एन. डी. पाटील व गोविंद पानसरे अग्रभागी होते. जानेवारी २०१४ मध्ये काही टोलनाके जाळण्यात आले. न्यायालयीन लढाही समांतर सुरू होता.

मूल्यांकन व टोलरद्द

प्रत्यक्ष झालेल्या कामाचे मूल्य ठरविण्यासाठी शासनाने समिती नेमली. रस्त्याखालील गटारे व वाहिन्या बुजविल्यानंतर त्यांची मोजणी अवघड होते. त्यामुळे काम सुरू असतानाच त्यांची नोंद व तपासणी आवश्यक असते. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य शासनाने टोल रद्द करण्याची घोषणा केली व कंपनीचा मोबदला शासनामार्फत देण्याचे ठरले. टोल बंद झाला, तरी रस्त्याचा खर्च उरलाच; तो वाहनचालकांऐवजी सार्वजनिक निधीवर आला.