चिखलाची बाजू घेताना

आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षणाचा इतिहास दिवाळी अंकांच्या वाचकांना पाठ आहे. १८८३ची बीएनएचएस, सालिम अलींनी किहीमला केलेला सुगरणींचा अभ्यास, १९४१चं त्यांचं पुस्तक, चितमपल्ली... ते पुन्हा उगाळत नाही. रोहितांनाही आता प्रसिद्धीची ददात नाही. ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसरचा दर्जा मिळाला, त्यात त्यांच्या गुलाबी पंखांचा वाटा मोठा. माझा जीव मात्र पहिल्यापासून चिखल्या, तुतारी, कोरल या मातकट मंडळींत गुंतला. ही जागा त्यांचीच.

हे पक्षी बघायचे तर घड्याळाआधी तिथी बघावी. आपले कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. ओहोटीला पक्षी लांबवर चिखलात पांगलेले असतात, दुर्बिणीतून नुसते ठिपके. पाणी चढू लागलं की चिखल आक्रसतो आणि तेच ठिपके आपल्याकडे सरकू लागतात. अलिबागजवळच्या आक्षीला पुनवेच्या दिवशी नवाच्या आत पोचावं. किनारा पश्चिमेला, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीशी राहतं. वाळूत बैठक मारावी आणि हलू नये. चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो. त्याची सारी मदार डोळ्यांवर. कोरल डोळ्यांवर विसंबत नाही. लांब बाकदार चोच बिळात मुळापर्यंत खुपसून तो टोकाने चाचपतो. खेकडा हाती लागला की एकेक नांगी, एकेक पाय झटकून टाकतो आणि मग उरलेलं धड मान उंचावून गिळतो. हे एकदा जवळून बघितलेला माणूस पुन्हा कोरलाला ‘तपकिरी बगळा’ म्हणणार नाही.

हिवाळ्यात सगळेच राखी दिसतात, ओळख पटत नाही, म्हणून नवखे कंटाळतात. त्यांनी एप्रिलपर्यंत धीर धरावा. तोवर कर्ल्यू सँडपायपर विटकरी लाल होतो आणि सैबेरियातल्या तैमिरची वाट धरायच्या तयारीला लागतो.

परदेशच्या सहलींबद्दल थोडक्यात. केनिया आणि कोस्टा रिकाची पॅकेजं यादी वाढवायला बरी. मुलाबाळांकडे इंग्लंडला जाणाऱ्यांनी मात्र नॉर्फकचं स्नेटिशम चुकवू नये. मोठ्या उधाणाला तिथे हजारो नॉट पक्षी चिखलावरून एकदम उठतात, आणि असं उधाण कोणत्या तारखांना येणार ते आधीच जाहीर होतं. हाँगकाँगच्या माय पोला तर तिवरांमधून तरंगती पायवाट थेट चिखलापर्यंत नेली आहे. ठरावीक वाट, ठरावीक आडोसा, परवानगीशिवाय प्रवेश नाही. म्हणून पक्षी निवांत चरतात.

आपल्याकडे काही शहाणे सांगतात की खाडी भरली तरी बिघडत नाही, पक्ष्याला पंख आहेत, तो दुसरीकडे जाईल. त्यांनी दक्षिण कोरियाचं सेमान्गम बघावं. २००६ साली तिथे ३३ किलोमीटरची भिंत पुरी झाली आणि भरतीचं पाणी तुटलं. ग्रेट नॉट तिथे प्रचंड संख्येने उतरत. ते शेजारच्या चिखलांवर वाढलेले दिसले नाहीत, आणि ऑस्ट्रेलियात हिवाळा घालवणाऱ्यांची संख्याही घटली. दुसरीकडच्या चिखलावर आधीच दुसरे चरत असतात. उरणच्या पाणथळींसाठी आमचे पक्षीमित्र वर्षानुवर्षं भांडताहेत ते याचसाठी.

आता तर किनाऱ्यावर गाड्या धावतात, मोकाट कुत्री थव्यांमागे लागतात, आणि विसावलेला थवा केवळ उडता फोटो मिळावा म्हणून मुद्दाम उठवला जातो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची विश्रांती एका फोटोसाठी मोडायची, याला मी पक्षीनिरीक्षण मानत नाही. तरुण मंडळींकडे माझ्याहून कितीतरी चांगल्या दुर्बिणी आहेत. त्यांनी एक अख्खी भरती एका जागी बसून काढावी.

१९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्या जवळचा एखादा चिखल निवडा, पंचांगात तिथी बघा, भरतीच्या तीन तास आधी जाऊन बसा आणि मोजलेले आकडे कळवा. खाडी वाचवायला उभं राहताना हेच आकडे कामाला येतात.